शाळेची श्रेणी वरची, आणि पाचवीतलं पोरगं दुसरीच्या धड्यात अडकतंय

भीमाकाठ

मंडळी, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका. कागदावर समिती भक्कम. प्रत्यक्षात चहा होतो, सह्या होतात, घरी.

गेल्या बैठकीत मुख्याध्यापकांनी स्वयंमूल्यमापनाचा तक्ता वाचून दाखवला. शाळा वरच्या श्रेणीत. टाळ्या झाल्या. माझं डोकं मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं, कारण त्याच आठवड्यात मी गुरुजींना विचारून पाचवीच्या पोरांना एकेक करून दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला दिला होता. 'असर' या शिक्षण-सर्वेक्षणवाले घरोघरी जाऊन करतात तसंच: आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीचा परिच्छेद, मग दुसरीची गोष्ट. एक पोरगं 'शेतकऱ्याने' या शब्दाशी आलं. शे, त, क... पुढं जोडाक्षर बघून थांबलं, वरच्या चित्राकडं एक नजर टाकली आणि ठोकून दिलं, "बैल!" पोरगं ढ नाही हो. बापाच्या किराणा दुकानात कुणाची किती उधारी आहे हे त्याला वही न उघडता माहीत असतं. वर्गातल्या निम्म्या पोरांची कमीजास्त हीच गत.

आता प्रश्न. २०१५ ला शाळासिद्धी आली, म्हणजे शाळेनं ठरलेल्या मानकांवर स्वतःचं मूल्यमापन करायचा देशभरचा कार्यक्रम. पुढं 'माझी शाळा सुंदर शाळा'चे गुण आले, आता आणखी नवा मूल्यांकन आराखडा. गुणवत्तेची तपासणी दरवर्षी वाढायलीय. तिचा पोरांच्या शिकण्याशी नक्की संबंध काय? शिक्षकांना शिव्या घालायला धागा काढलेला नाही, तसे प्रतिसाद नकोत.

जोडवर्ग

शिक्षक आहे, त्यामुळं माझं बोलणं त्या हिशोबानं घ्या.

शाळासिद्धीत सात क्षेत्रं आहेत, मिळून ४६ मानकं. पहिलं क्षेत्र सुविधांचं: पटांगण, वर्गखोल्या, वीज, ग्रंथालय, रॅम्प, पिण्याचं पाणी, हात धुवायची जागा, शौचालय. यातलं काहीच फालतू नाही. मुलींच्या शौचालयाला आतून कडी नसेल तर सातवीतली पोरगी दुपारच्या सुट्टीत घरी जाते ती परत येत नाही, हे मी बघितलंय. पण हात धुवायच्या नळाचा फोटो निघतो. पोराला वाचता येण्याचा फोटो कसा काढणार? म्हणून आम्ही पोरांना हातात पुस्तक देऊन ओळीत उभं करतो. तो फोटो 'वाचन उपक्रम' म्हणून चढतो. विद्यार्थ्यांची प्रगती हेही त्या सातांतलं एक क्षेत्र आहे, पण त्यात आकडा भरणारा मीच आणि तपासणाराही बहुतेक वेळा मीच.

माझी शाळा द्विशिक्षकी, चार वर्ग. पहिली-दुसरीला पाढे लिहायला लावून तिसरी-चौथीकडं वळतो न वळतो तोच ग्रुपवर येतं, 'आज दुपारी २ पर्यंत लिंक भरावी, अत्यंत तातडीचे.' निवडणुकीच्या दिवसांत बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम वेगळंच. गुणवत्तेचा अहवाल भरायला जातो तो वेळ शिकवण्यातूनच जातो, दुसरा आणायचा कुठून?

गड्डा_फॅन

आमच्या पोराच्या शाळेतून निरोप आलता, उद्या साहेब येणारेत, पोराला आंगोळ घालून पाठवा. रोज करत नाही का बे तो? 😄

फोल्डिंगवाला

मी शाळेतला माणूस नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग-फोल्डिंगला आहे. तुमचं वाचून जे वाटलं ते लिहितो.

आमच्या टेबलावर टॉवेल पसरला की डाग, तुटलेली तार, सुटलेला बाणा दिसतो. चांगला माल इकडं, सेकंड तिकडं. पण टेबलावर कितीबी बारीक बघा, सेकंडचा फर्स्ट होत नाही. फायदा कुठं होतो? कुठल्या मागावर सारखा तोच फॉल्ट यायलाय हे कळतं तिथं. त्या मागाचा नंबर चिठ्ठीवर लिहून जॉबरकडं जातो आणि जॉबर त्याच पाळीत माग लावून देतो. चिठ्ठी महिनाभर टेबलावर पडली तर तोवर सेकंडचा ढीग होतो, आणि मालक चेकिंगवाल्यालाच विचारतो की एवढा सेकंड कसा.

तुमची चिठ्ठी कुणाकडं जाते? आणि तुमच्यात जॉबर कोण?

जोडवर्ग

चिठ्ठी पोर्टलवर जाते. पुढं कुठं जाते ते पोर्टललाच माहीत.

निवृत्त_केंद्रप्रमुख

जॉबर म्हणजे केंद्रप्रमुख, आसपासच्या काही शाळांवर देखरेख आणि गुरुजींना मदत करणारा. ते पदच त्यासाठी आहे.

पण धाग्याला तपासणी नकोच असा सूर लागतोय, तो मला मान्य नाही. आमच्या लहानपणी दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, यायचे म्हटलं की गुरुजींच्या धोतराला इस्त्री व्हायची, हे खरं. भीतीचा कारभार होता. तरी बाहेरचं कुणी येऊन बघणारच नसेल तर काय होतं, हेही या राज्यानं पाहिलंय. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवा. ३ ते ५ तारखेला राज्यभर एकदम शाळांत माणसं घुसली आणि कागदावरची पोरं, कागदावरच्या तुकड्या उघड्या पडल्या. त्या पोरांच्या नावानं धान्य, अनुदान, शिक्षकांची पदं सगळं चालू होतं. ते स्वयंमूल्यमापनानं कधी बाहेर आलं असतं का? कोण लिहिणार आहे स्वतःच्या हातानं, की माझा पट खोटा?

मी स्वतः शाळेत गेलो की ऑफिसात बसत नव्हतो. थेट वर्गात मागच्या ओळीत बसायचं, कोणत्याही चार पोरांच्या वह्या उघडायच्या. वहीत सगळीकडं एकाच दिवशी मारलेल्या लाल टिका दिसल्या की समजायचं, साहेब येणार हे कळलं होतं. आणि ज्या वहीत पोराच्या चुकीखाली गुरुजीनं दुरुस्ती लिहिलीय, पोरानं पुन्हा ते गणित सोडवलंय, तिथं शेरेबुकात काही लिहायची गरज नसायची. अडलेल्या ठिकाणी खडू घेऊन स्वतः नमुना पाठ घ्यायचा. नुसतं 'सुधारणेस वाव आहे' लिहून निघून येणं सोपं असतं, तसे लिहिणारेही होते.

सेवेच्या शेवटी माझ्याकडं स्वतःच्या केंद्राशिवाय शेजारच्या केंद्राचाही पदभार होता. वर्गात बसणं कमी झालं आणि माहिती संकलन वाढलं. म्हणजे फोल्डिंगवाले म्हणतात तो जॉबर आहे, पण त्याला टेबलावर बसवून चिठ्ठ्या मोजायला लावल्यात.

आकडेमोड

सर, तुम्ही आणि भीमाकाठ दोघंही बरोबर आहात, आणि त्याला आधार आहे. जरा लांबतंय, सांभाळून घ्या.

भीमाकाठ यांनी विचारलंय नेमकं तेच मध्य प्रदेशात तपासून झालंय. तिथं 'शाला गुणवत्ता' नावाचा कार्यक्रम होता. शाळेचं मूल्यमापन, श्रेणी, त्यावरून शाळेनं करायचा सुधारणा आराखडा, मग पाठपुरावा. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग या अर्थतज्ज्ञांनी कुठल्या शाळांत कार्यक्रम राबवायचा आणि कुठल्या तशाच ठेवायच्या हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं, कार्यक्रम १,७७४ शाळांत झाला, आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. मूल्यमापन ढिसाळ झालं होतं असं नाही, चांगलंच झालं. शाळांनी आराखडेही केले. आणि फरक? शिक्षकांची हजेरी, अधिकाऱ्यांची देखरेख, समितीचं काम, मुलांचे गुण, कशातच पडला नाही. लोकांनी ते काम म्हणजे भरायचा कागद असंच धरलं होतं. गंमत पुढं आहे. तरीही कार्यक्रम सुमारे २५,००० शाळांत नेला गेला आणि त्याच धर्तीवरची शाळासिद्धी देशभरात ६ लाखांहून जास्त शाळांत गेली. कागद भरले जातायत, म्हणजे योजना यशस्वी!

आता सरांची बाजू. उदयपूरजवळ सेवा मंदिर संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत गुरुजीनं शाळा भरताना आणि सुटताना पोरांसोबत फोटो काढायचा होता, कॅमेऱ्यात तारीख-वेळ यायची, आणि पगार त्या हजेरीवर. शिक्षक गैरहजर असण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून २१ वर आलं, पोरांचे गुणही वाढले. म्हणजे देखरेख चालते. पण ती एकाच, साध्या, खोटी करायला अवघड गोष्टीची होती, आणि तिचा परिणाम त्याच महिन्यात दिसत होता. ४६ मानकांच्या तक्त्याचं तसं नाही. (त्या सरकारी शाळा नव्हत्या, अनौपचारिक होत्या, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडं पगार असा बांधायला जाल तर दुसऱ्या दिवशी मोर्चा.)

दाजीपेठ

सगळे जिल्हा परिषदेवर घसरलेत. खाजगीत गुणवत्ता कशी राखतात ते ऐका. नाव घेत नाही. भाच्याच्या शाळेच्या कमानीवर 'दहावी निकाल १०० टक्के'चा फ्लेक्स. भाचा नववीत, गणित कच्चं. दिवाळीनंतर मेहुण्याला बोलवून घेतलं: "याचा १७ नंबर भरा, इथं ताण झेपायचा नाही त्याला." म्हणजे शाळा सोडायची आणि दहावीला बाहेरून बसायचं. शंभर टक्के असे होतात. गळती बाहेर ढकलायची आणि उरलेलं मोजायचं.

आणि निकालाच्या टक्क्यांवर तरी किती भरवसा ठेवायचा? राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१, २०१९ ला ७७.१०, २०२० ला ९५.३०. पोरं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली का? २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेनं द्यायचे २० गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी परत आणले. वर २०२० ला कोरोनामुळं भूगोलाचा पेपरच झाला नाही, तिथं सरासरीनं गुण. २०२१ ला परीक्षाच नाही तर ९९.९५! फूटपट्टी बदलली की उंची बदलते आमच्याकडं.

जोडवर्ग

दाजीपेठ, ते २० गुण मिळालेच पाहिजेत असं वरून कुणी लेखी देत नाही. कमी दिले तर मात्र तोंडी विचारतात.

आमच्याकडंही तेच. वर्षातून पायाभूत आणि संकलित चाचण्या असतात, पेपर राज्यातून येतात. घेणारे आम्ही, तपासणारे आम्ही, ऑनलाइन भरणारे आम्ही. एका वर्षी मी जसे पडले तसे गुण भरले. खुलासा मागवला गेला, 'आपल्या शाळेची संपादणूक कमी का?' शेजारच्या शाळेनं छान भरले, त्यांना कुणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. ज्याची चूक लपते तो सुखी, अशी व्यवस्था असल्यावर खरा आकडा वर जाणार कसा?

आकडेमोड

हे जगभर झालंय. अमेरिकेत अटलांटा शहरात चाचणीच्या गुणांवर शाळांची आणि मुख्याध्यापकांची परीक्षा सुरू झाली. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांत गैरप्रकार सापडले, १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. उत्तरपत्रिकेवरची चुकीची उत्तरं खोडून शिक्षकांनीच बरोबर केली होती. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या सामाजिक मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकातच बजावलं होतं: ज्या आकड्यावर निर्णय होऊ लागतात तोच आकडा सर्वांत आधी नासतो. त्यामुळं जोडवर्ग यांना दोष देण्यात अर्थ नाही.

अक्कलकोटकर

मी कन्नड घरातली, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. भीमाकाठ, तुमच्या वाचनचाचणीला माझी एक हरकत आहे.

माझ्या वर्गातली एक मुलगी दुसरीची गोष्ट खडखडा वाचते, कुठंही अडखळत नाही. तुमच्या चाचणीत ती सरळ वरच्या पातळीवर जाईल. मी विचारलं, गोष्टीत काय झालं? गप्प. बकरी कुणाची होती? गप्प. मग तीच गोष्ट मी कन्नडमधून सांगितली आणि पुन्हा वाचायला दिली. या वेळी हसायच्या जागी ती हसली, आणि पुढं स्वतःहून सांगायला लागली की आमच्या घरची शेळी पण अशीच पळून गेली होती, मामानं शोधून आणली. आधीचं वाचन नुसतं तोंडाचं होतं.

अक्कलकोट आणि दक्षिणमध्ये कन्नड, शहराच्या पूर्व भागात तेलुगू, कुठं उर्दू. जिल्ह्यात कन्नड, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, पण सगळी पोरं तिकडं जात नाहीत. आईबापाला पुढं मराठी लागेल असं वाटतं, ते चुकीचंही नाही. पण तपासणीच्या तक्त्यात 'मुलाची घरची भाषा कोणती, आणि शिक्षकाला ती येते का' याला वजन किती? माझ्या आधीच्या बाईंना कन्नड येत नव्हतं. त्या खूप कष्ट करायच्या. पहिलीतलं पोर पोटात दुखतंय हे सांगायला त्यांना चौथीतलं पोर बोलवून आणावं लागायचं.

निवृत्त_केंद्रप्रमुख

बाई, लाख बोललात. मी मंगळवेढ्याकडं होतो तिथं हा प्रश्न कमी होता. म्हणून राज्यभर एकच तक्ता चालवला की असं होतं.

गड्डा_फॅन

डिसले सर आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचेच ना? जगात नंबर आला. मग सगळ्या शाळा तशा का होईनात?

जोडवर्ग

आले हे पण. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम फेरीतल्या शिक्षकांना वाटली, पुस्तकांवरच्या क्यूआर कोडची सुरुवात त्यांची. अभिमान आहेच. पण एका माणसाचं नाव घेऊन बाकीच्यांना 'मग तुम्हाला का जमत नाही' विचारणं ही गुणवत्तेची व्यवस्था नव्हे. साधा, मध्यम कुवतीचा, कर्जाचे हप्ते फेडणारा शिक्षकसुद्धा ज्यात पोरांना वाचायला शिकवू शकेल अशी सोय हवी. मी स्वतःला त्यातच धरतो.

भीमाकाठ

वाचतोय सगळं. अक्कलकोटकर ताई, तुमची हरकत बिनशर्त मान्य, वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारायचे, पोराला हव्या त्या भाषेत उत्तर देऊ द्यायचं.

माझ्या डोक्यात आलंय ते असं. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो. आमच्या आराखड्यात गेल्या वेळी रंगरंगोटी, पेव्हर ब्लॉक आणि साऊंड सिस्टिम होती. या वेळी त्यात वाचन घालायचं. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक पोराचं वाचन ठराविक काळानं ऐकायचं, कोण कुठल्या पातळीवर आहे हे शाळेतल्याच एका वहीत. पोर्टलवर नाही, नोटीस बोर्डावर नाही. आणि गुरुजींना आम्ही लेखी देणार, की या वहीवरून तुम्हाला कुणी जाब विचारणार नाही. चालेल का असं?

आकडेमोड

चालेल, पण नुसतं ऐकून थांबू नका, नाहीतर ती अजून एक चिठ्ठी झाली. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं मुंबई आणि बडोद्यात २००१ नंतर बालसखीचा प्रयोग केला होता. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, मागं पडलेल्या पोरांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायची, जिथं अडलंय तिथून सुरुवात. गुण खरंच वाढले, आणि जास्त फायदा सर्वांत मागच्या पोरांना झाला. पुढं त्यातूनच इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायची पद्धत निघाली. पाचवीचं पोरगं शब्दावर अडलं असेल तर त्या तासाला ते तिसरीच्या शब्दवाल्या पोरांसोबत बसेल.

जोडवर्ग

करून बघितलंय, उपयोग होतो. दोन अडचणी आधीच सांगतो. पाचवीतल्या पोराला तिसरीसोबत बसायची लाज वाटते, त्यामुळं गटाला इयत्तेचं नाव देऊ नका, फुलांची-पक्ष्यांची नावं द्या. आणि तो तास वेळापत्रकात रोजचा ठेवा, पोषण आहाराच्या आधी. नंतर ठेवलात तर अर्धी पोरं पेंगतात आणि मास्तर आहाराची नोंद भरत बसतो.

फोल्डिंगवाला

आणि जॉबर? गुरुजी अडला तर कुणाला बोलवायचं?

निवृत्त_केंद्रप्रमुख

शनिवारी सकाळची शाळा असते ना? मी येतो. जोडाक्षरं कशी शिकवायची याचा एक पाठ घेऊन दाखवतो, गुरुजी मागं बसून बघतील, पुढच्या शनिवारी ते घेतील आणि मी मागं बसेन. मुख्याध्यापकांना आधी विचारा, त्यांच्या डोक्यावरून नको. शाल-श्रीफळ, फोटो काही नको. कन्नडची अडचण मला सोडवता येणार नाही, त्याला ताईंसारखं कुणी गावातलंच बघा.

भीमाकाठ

सर, खासगी निरोप टाकलाय. गावात बारावी झालेल्या दोन सुना आहेत, दोघींना कन्नड-मराठी दोन्ही येतं. एक तयार आहे. दुसरीची सासू बिड्या कोण वळणार म्हणते, तिच्याशी बोलतो.

आकडेमोड

एकच. सरांचा पहिला पाठ व्हायच्या आधी तिन्ही वर्गांची सुरुवातीची नोंद करून ठेवा. नंतर केलीत तर काय वाढलं आणि किती, हे कधीच कळणार नाही.

भीमाकाठ

पाचवीची आहे, पण त्यात समजलं का हे विचारलेलं नाही. ती परत करतो. तिसरी-चौथी या आठवड्यात, ताईंच्या दोन प्रश्नांसह.